भिंतीवरचे गुलाबी ठिपके

संगणक दुरुस्तीच्या दुकानात दोन तऱ्हेची मशिनं येतात. एक बंद पडलेलं. ते सोपं. काय जळलं ते शोधायचं, बदलायचं, गिऱ्हाईकाला चहा पाजायचा. दुसरं चालू असलेलं, पण 'मधेच कायतरी करतंय' असं. हे दुसरं मशिन आलं की माझी भूक मरते. दुकानात आणलं की ते शहाण्या मुलासारखं वागतं आणि घरी गेलं की पुन्हा रंग दाखवतं. शहापूरच्या बाजारात चोवीस वर्षं हे दुकान चालवतोय, आणि माझे जे काही केस पांढरे झालेत ते या दुसऱ्या तऱ्हेच्या मशिनांनी केलेत.

किन्हवलीच्या एका सेवा केंद्रवाल्याचं मशिन रोज दुपारी अडकायचं. त्याला खात्री होती की समोरच्या झेरॉक्सवाल्याची नजर लागली. संगणकाच्या डब्याला त्यानं लिंबू-मिरची बांधली होती. मी डबा उघडला तर आत रॅमच्या दोन पट्ट्या, दोन वेगळ्या जातींच्या, एक चपळ आणि एक सुस्त, आणि मशिन दोघींनाही चपळ पट्टीच्या वेगानं पळवतंय. सुस्त पट्टीला झेपेल इतका वेग उतरवला, अडकणं थांबलं. लिंबू मात्र त्यानं काढलं नाही. श्रेय कुणाला गेलं असेल ते तुम्हीच ओळखा. आणखी एका बाईंनी दसऱ्याला डब्याची पूजा केली ती झाकण काढून, आतून. हळदकुंकू थेट रॅमच्या खाचेत. ब्रशनं साफ करताना मला अगदी अपराधी वाटत होतं.

रॅम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. संगणकाचा मेंदू काम करताना लागणारी माहिती रॅममध्ये ठेवतो आणि क्षणाक्षणाला मागून घेतो. मागितल्यावर ती हाती यायला आतल्या घड्याळाचे किती ठोके थांबायचं, याचे आकडे ठरलेले असतात. त्यांना टायमिंग म्हणतात. रेशन दुकानात कार्ड दिल्यावर धान्य मापून व्हायच्या आधीच पिशवी ओढली तर दाणे जमिनीवर सांडतील, तसंच इथं. थांबण्याचे ठोके कमी केले तर काम जलद होतं, पण एका मर्यादेपलीकडे माहिती सांडते. आणखी एक आकडा असतो. रॅममधला प्रत्येक कप्पा पाझरणाऱ्या मडक्यासारखा असतो, त्यात सतत भर घालावी लागते. ती भर किती वेळानं घालायची, तेही ठरवता येतं. उशिरानं घातली तर रॅमला कामाला जास्त वेळ मिळतो. पण उन्हाळ्यात मडकं जास्त पाझरतं, हे विसरायचं नाही.

पट्टी बनवणारे हे आकडे जरा सैल ठेवून देतात. आम्ही काही हौशी मंडळी ते आवळतो. बायोस नावाच्या, मशिन सुरू होताना उघडणाऱ्या निळ्या पडद्यावर बसायचं, एकेक आकडा कमी करायचा, मशिन उठतंय का बघायचं, आणखी कमी करायचा. आमचा दुरुस्तीवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर वेगाच्या आकड्याचा फोटो टाकायचा आणि वाहवा घ्यायची. कुणी कबुतरं पाळतं, आम्ही हे करतो. कबुली देतो की यात माझा हात तालुक्यात कुणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती.

योगिता पहिल्यांदा दुकानात आली ती जानेवारीत, म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत. वडील बरोबर होते. म्हशाच्या पुढं, डोंगराच्या कडेला त्यांचं गाव, भाताची शेती. मुलीनं घरांच्या अंतर्रचनेचं शिक्षण घेतलं होतं. न बांधलेलं घर संगणकात उभं करायचं आणि त्यातून चालत गेल्यासारखी फिल्म काढायची, हे तिचं काम. त्या फिल्मचं प्रत्येक चित्र, उजेड-सावलीसकट, संगणक हिशेब करून रंगवतो. याला रेंडर म्हणतात आणि त्यात मशिनचा अगदी घाम निघतो. "घरी बसून मुंबईच्या कंपन्यांचं काम करीन," ती म्हणाली. वडील दुकानभर नजर फिरवत होते. "आमाला यातला काय कलत नाय, शेट," ते म्हणाले. "तुमी चांगला तेच द्या."

मी चांगलं तेच दिलं. आणि मग, कुणी न सांगता, त्याचे टायमिंग आवळले. कामसू पोर आहे, तिला चार पावलं पुढं जाऊ दे, असं मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर पट्ट्या उत्तम निघाल्या होत्या आणि मला हात आवरला नाही. ठोके कमी केले, मडक्यात भर घालायची वेळ लांबवली. आठ तास चाचणी लावली. दार उघडं, बाहेर जानेवारीचा गार वारा. एकही चूक निघाली नाही. फोटो ग्रुपवर टाकला, वाहवा मिळाली, मशिन म्हशाला गेलं.

एप्रिलच्या शेवटाला सोमवारी तिचा फोन आला. एका मोठ्या कंपनीनं तिला परीक्षेचं काम दिलं होतं. एका घराची अर्ध्या मिनिटाची फिल्म. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची. पसंत पडली तर कायमची नोकरी, घरी बसून. आणि तिचं मशिन रेंडर करता करता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं होतं.

"काका, पाच तास झाले होते. सगळा गेला."

मी विचारलं, "तुमच्याकडे राब भाजतायत का सध्या?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. भाताचं रोप जिथं टाकायचं, त्या तुकड्यावर आमच्याकडे शेण, पाला, फांद्या, गवत पसरून पावसाच्या आधी ते जाळतात. तो राब. एप्रिल-मेमध्ये गावोगाव धूर असतो आणि राख उडते.

"हो, आजूबाजूला चालूच हाय."

"मग राख गेली आत. पंखे तुंबले, मशिन तापलं. झाकण काढून मऊ ब्रशनं साफ कर."

मंगळवारी पुन्हा फोन. साफ केलं होतं, तरी मशिन मधेच बंद पडलं होतं. "आणि काका, चित्रात पन कायतरी येतंय. पांढऱ्या भिंतीवर गुलाबी ठिपके."

"ते तुझ्या सॉफ्टवेअरचं असेल," मी म्हणालो. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. "आधी राखेचं बघ. बाबांना सांग, तुमचा राब जरा थांबवा म्हणावं." आणि फोन ठेवला. हे वाक्य मी किती सहज बोललो, ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

गुरुवारी संध्याकाळी तिसरा फोन. या वेळी तिचा आवाज अगदी खाली होता. "काका, परत पडला. उद्या सहाला द्यायचाय."

"येतो," म्हणालो.

शुक्रवारी सकाळी मोटरसायकल काढली. किन्हवली, सरळगाव, मुरबाड, म्हसा. वाटेत शेतांत जागोजाग राब भाजून झालेले काळे चौकोन होते. योगिताच्या घराजवळ आलो आणि तिथं मात्र तीन तुकड्यांवर पाला तसाच रचलेला दिसला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले. वडील अंगणात उभे होते.

"तुमी बोलले म्हनून थांबवलाय, शेट. शेजारच्या दोघांना पन सांगितला, पोरीचा काम होऊं द्या म्हनून. ऐकला त्यांनी."

 आत गेलो. डबा उघडला. आत राखेचा कण नव्हता. पुढच्या जाळीवर तिनं जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शिवून बसवला होता, हवा येईल आणि राख येणार नाही असा. पंखे धुतल्यासारखे स्वच्छ. माझं सगळं निदान त्या स्वच्छ डब्यात उघडं पडलं.

"ते ठिपके दाखव," मी म्हणालो.

तिनं चित्र उघडलं. दिवाणखाना, खिडकीतून येणारं ऊन, पांढरी भिंत, आणि भिंतीवर छातीच्या उंचीला गुलाबी ठिपक्यांची एक आडवी रांग.  मशिन नुसतं तापलं तर ते हळू होतं किंवा बंद पडतं. ते भिंतीचा रंग बदलत नाही. पांढऱ्याचा गुलाबी होतो तेव्हा माहिती सांडलेली असते. रॅमच्या पट्टीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. वर पत्रा, बाहेर एप्रिल. जानेवारीत टिकणारं मडकं आता भराभरा पाझरत होतं आणि भर घालायची वेळ मी लांबवून ठेवली होती. पट्टीवाल्यांनी दिले होते तसेच आकडे असते, तर याच उन्हात, याच पत्र्याखाली ते मशिन मुकाट्यानं चाललं असतं.

घड्याळात साडेनऊ वाजले होते.

बायोस उघडलं. माझे सगळे आकडे पुसले, पट्टीवाल्यांचे सैल आकडे परत घातले, वर वेगही एक पायरी उतरवला. तिनं विचारलं, "किती हळू होईल?" एक चित्र काढून बघितलं. आधी पस्तीस सेकंद लागायची, आता छत्तीस. सातशे वीस चित्रं. सात तासांच्या कामाला बारा मिनिटं जास्त. मी आवळून आवळून तिला दिलेली भेट ती एवढीच होती. त्या बारा मिनिटांपायी तिचे चार दिवस गेले होते.

आणि आता खरी अडचण. दुरुस्ती बरोबर झाली का, हे चाचणीशिवाय कळत नाही, आणि चाचणीला आठ तास. सहा वाजायलाही तेवढेच उरलेले. चाचणी घेतली तर काम होणार नाही. काम घेतलं तर चाचणी नाही. चोवीस वर्षांत मी चाचणीशिवाय मशिन कुणाच्या हातात दिलेलं नाही. आणि योगिता, तिचे वडील आणि आई, तिघं जण माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"बारा तुकडे करून काढू," योगिता म्हणाली. "छत्तीस मिनिटांचा एक. पडला तर तेवढाच जाईल."

चांगली कल्पना होती. मला सुचायला हवी होती. दहाला सुरू केलं तर सव्वापाचपर्यंत संपणार. जोडणं आणि पाठवणं धरून पावणेसहा. म्हणजे हाताशी पंधरा मिनिटं. एखादा तुकडा सुरुवातीलाच पडला तर निभावेल, शेवटाशी पडला तर संपलं. दहाला दोन मिनिटं कमी असताना तिनं बटण दाबलं.

त्यानंतर मला काही काम नव्हतं. हे असलं बसणं फार वाईट. पंख्याचा आवाज जरा बदलला की मी डब्याला कान लावायचो. पहिला तुकडा झाला. दुसरा झाला. अकरानंतर पत्रा तापून कडकड वाजायला लागला, तेव्हा तिचे वडील शिडी लावून वर चढले, पत्र्यावर पेंढा पसरला आणि आई खालून देईल त्या कळशा त्यावर ओतत राहिले. विहीर काही अंगणात नव्हती. मी उठलो तर आई म्हणाली, "तुमी मशिनकडं बघा, भाऊ. आमी हाव ना पान्याला."

मी मशिनकडं बघत बसलो. त्याला माझ्या बघण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण होतं. वडील ओल्या बनियनवर माझ्यासमोर बसले. "राखच होती ना, शेट?" त्यांनी विचारलं. विचारण्यात काही खोच नव्हती. माणूस आपला सरळ विचारत होता. सांगायची वेळ तीच होती. योगिता आत पडद्यासमोर होती, सातवा तुकडा चालू होता, मी आत्ता बोललो तर तिचं लक्ष उडेल, असं मी स्वतःला पटवलं.

"हं," मी म्हणालो आणि भाकरीचा घास मोडला. 

तेवढ्यात आतून तिची हाक आली. "काका!"

हातही न धुता धावलो. सातव्या तुकड्यातली चित्रं ती तपासत होती. भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, फिकट गुलाबी डाग.  दीड वाजून गेला होता. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला वेळ उरला नव्हता. ती चित्र मोठं करत गेली, मोठं करत गेली, आणि मग अचानक खुर्चीत मागे टेकली.

"नाय नाय. सोफ्यावर मी गुलाबी उशी ठेवलीय. तिचा रंग भिंतीवर पडलाय. ऊन हाय ना तिथं." ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो, तिथंच खाली बसलो.

आठवा, नववा, दहावा. अकरावा चालू असताना वीज गेली, इन्व्हर्टरनं पकडलं. बारावा सव्वापाचला दोन मिनिटं असताना संपला. जोडलेली फिल्म तिनं एकदा सबंध पाहिली, मी तिच्या खांद्यावरून पाहिली. एका रिकाम्या घरातून कुणीतरी शांतपणे चालत जात होतं. भिंत पांढरी होती.

घरात नेटवर्कची एकच काडी येत होती. फाईल फोनवर घेऊन ती वडिलांच्या मागे गाडीवर बसली, मी माझ्या गाडीवर मागोमाग. म्हशाच्या रस्त्यावर एका वळणाला चांगलं नेटवर्क मिळतं. तिथं तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. फाईल किती टक्के गेली तो आकडा चढत होता. चाळीसवर अडकला. तिनं फोन डोक्यावर धरला. वडील फोनकडे बघत होते. मग साठ, पंच्याऐंशी, शंभर. पाच वाजून एकावन्न मिनिटांनी समोरून निरोप आला, मिळाली म्हणून.

तिला ती नोकरी मिळाली. हे मला पंधरा दिवसांनी, शहापूरला कामाला आलेल्या तिच्या वडिलांकडून कळलं. पण त्या वळणावर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिघंही नुसते दमून उभे होतो, आणि मला आणखी थांबवेना.

"राख नव्हती," मी म्हणालो. "माझी चूक होती. मशिन जास्त पळावं म्हणून मी रॅमचे आकडे जानेवारीत आवळून ठेवले होते. या उन्हात ते टिकले नाहीत. राखेचा काही संबंध नव्हता."

 वडील म्हणाले, "म्हंजे राब पेटवला असता तरी चालला असता?"

"हो."

"आनि शेजारच्यांनी पन?"

"हो, काका."

मी पहिल्यांदाच त्यांना काका म्हणालो. त्यांनी मान हलवली, रागानं नव्हे. उद्याच्या कामाचा विचार करतो तशी. योगिता मात्र माझ्याकडे सरळ बघत होती.

"मी तीनदा फोन केला," ती म्हणाली. "ठिपके पन सांगितले. तुमाला एकदा तरी बोलता आला नसता का, मला माहीत नाय, येऊन बघतो म्हनून?"

 धंद्यात मी गिऱ्हाइकांना किती कारणं सांगितली असतील: व्हायरस, धूळ, विजेचा दाब, नकली माल. त्यातली कितीतरी बरोबर होती. पण जिथं कळत नव्हतं तिथंही मी तीच सांगितली, त्याच आवाजात, आणि लोकांनी त्याप्रमाणे आपापल्या घरात बदल केले. कुणी काय काय थांबवलं असेल, ते मला कधी कळणार नाही.

"घरी चला," योगिता म्हणाली. "ते आकडे कुठं बदलतात ते मला दाखवा. परत असा झाला तर माझा मला बघता आला पायजे."

परत गेलो. ती खुर्चीत बसली, मी बाजूला उभा. निळा पडदा उघडला. वही घेऊन तिनं एकेका ओळीचा अर्थ विचारायला सुरुवात केली. हा थांबायचा ठोका, ही भर घालायची वेळ, हा विजेचा दाब. ती लिहून घेत होती. खाली खाली जात एका आडबाजूच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. तिथं एक आकडा होता. कित्येक मशिनांवर मी तो पाहिलाय, एक-दोनदा कमीजास्तही केलाय.

"हा काय करतो?"

तोंडावर उत्तर तयार होतं. ते गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं वहीत तसंच लिहिलं. "बरं," ती म्हणाली, "मंग याला हात नको लावू या."